खर्जाची तार

सिल्वासा हे नाव घेतले की महाराष्ट्रातील संगीतप्रेमी माणसास १९५४ साल आठवते. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यासाठी त्या वर्षी लता मंगेशकरांनी पुण्यात गाऊन निधी उभा केला, आणि संगीतकार सुधीर फडके तर स्वतःच त्या लढ्यात उतरले. २ ऑगस्टला गाव मुक्त झाले. आसपासची मंडळी ज्याला सेलवास म्हणतात ते हे गाव आता कारखान्यांचे झाले आहे. मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली या बोली तेथे एकाच बाजारात कानावर पडतात. साहजिकच एका संध्याकाळी एकाच मांडवात भावगीत, गरबा आणि चित्रपटगीत अशी तिन्ही गाणी व्हावयाची. १८९७ साली बांधलेल्या तेथील चर्चमुळे पाश्चात्य वाद्येही या गावास नवखी नाहीत.

अशा गावात पगारातून पैसे साठवून एखाद्या तरुणाने चार तारांची बास गिटार घेतली आहे असे समजावे. वाद्यवृंदातील गायक काळी एकमध्ये गातो. बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार मात्र पांढरी तीनची, म्हणजे पाश्चात्यांच्या ई या स्वराची. काळी एक तिच्या खाली येते. त्यामुळे गायकाच्या षड्जाला खालच्या सप्तकातून आधार द्यावयाचा तर तो स्वर या वाद्यावर नाहीच, आणि वादकाला एक सप्तक वर चढून वाजवावे लागते. इमारतीचा पाया पहिल्या मजल्यावर घालण्यासारखेच ते होय. पाच तारांचे वाद्य घेतल्यास अडचण सुटते, पण खिसा रिकामा झालेला असतो. मग प्रश्न उभा राहतो की आहे त्याच वाद्याची जुळणी बदलता येईल काय?

येईल, परंतु ती नुसत्या खुंट्या पिळून येत नाही. खुंटी आहे, सैल करावी, स्वर उतरेल, असे पुष्कळांना वाटते. याच समजुतीने कित्येक वाद्ये बिघडतात.

बास गिटार हे तसे तरुण वाद्य. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ते विक्रीस आणले. उभ्या धरून वाजवावयाच्या अवजड डबल बासची जुळणीच त्यांनी त्यात ठेवली. जाडीच्या उतरत्या क्रमाने तारा अशा : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक तार ही आधीच्या तारेचा शुद्ध मध्यम असते. घोडीपासून माथ्याजवळच्या पट्टीपर्यंत तारेची वाजणारी लांबी चौतीस इंच, आणि सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. नव्या जुळणीत वरची बारीक तार काढून टाकावयाची, उरलेले तिन्ही स्वर एकेक घर वर सरकवावयाचे आणि जाड बाजूला पांढरी सातची नवी तार चढवावयाची. तिची कंपने ३१ च्या आसपास भरतात.

तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. मॅरीन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ च्या सुमारास हा नियम गणिताने मांडला, आणि तो तंबोऱ्यास जितका लागू आहे तितकाच गिटारलाही. ताण स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून शुद्ध मध्यमावर आणली तर स्वर नऊ भागांवरून आठ भागांवर येतो आणि ताण ८१ वरून ६४ वर, म्हणजे सुमारे एकपंचमांशाने उतरतो. एवढे तार सहन करते. म्हणून बागेश्री किंवा मालकंस गाताना गायक खुंटी पिळून मोकळा होतो. बास गिटारची जाड तार पांढरी तीनवरून पांढरी दोनवर आणणे हे नेमके याच मापाचे काम आहे. ते कोणीही बसल्या जागी करावे.

पांढरी सातपर्यंतची उतरण मात्र षड्जावरून खालच्या पंचमापर्यंतची आहे. तेथे स्वर चारास तीन असा उतरतो, आणि ताण सोळास नऊ. जवळजवळ निम्मा ताण गेला! तार ढिली पडते, मोठा झोका घेऊन पडद्यांवर आपटते आणि स्वराऐवजी खडखड ऐकू येते. शिवाय चारही तारा मिळून वाद्याची मान सत्तर-ऐंशी किलोंच्या ओढीने पुढे खेचत असतात आणि मानेच्या पोटातील पोलादी सळई तिला मागे धरून ठेवते. ओढ अचानक कमी झाली की सळईचा जोर वरचढ ठरतो, मान मागे झुकते आणि खडखड अधिकच वाढते.

उपाय तंबोऱ्याच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मिरजेचा तंबोरा पाहावा. खर्जाची तार नुसती सैल ठेवलेली नसते. ती जाड आणि पितळेची असते, कारण पितळ पोलादाहून जड. पुरुषाच्या तंबोऱ्याला तारा जाड आणि स्त्रीच्या तंबोऱ्याला बारीक, हाही भेद त्यातलाच. बास गिटारवरही हेच करावयाचे. पाच तारांच्या वाद्यासाठी मिळणारा तारांचा संच घ्यावा आणि त्यातील सर्वांत बारीक तार बाजूला ठेवावी. नेहमीची जाड तार २.६७ मिलिमीटरची असते, नवी ३.३० ची येते. मर्सेनच्या हिशेबाने खरे तर ती साडेतीनहून जाड हवी. पण तार जितकी जाड तितकी ताठ, आणि ताठ तारेचा आवाज मुका होतो. म्हणून कारखानदार थोडा कमी ताण पत्करून मध्येच थांबतात. पोलादी गाभ्यावर दुसऱ्या तारेचे वेढे देण्यामागेही वजन वाढावे पण ताठपणा वाढू नये हाच हेतू असतो. या वेढ्यांमुळे एक पथ्य पाळावे लागते. तार कापण्यापूर्वी ती कापावयाच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवून घ्यावी, नाहीतर वेढे सुटतात आणि महाग तार फुकट जाते.

आता खरे नाजूक काम येते. माथ्याजवळची ती पट्टी, जिला वादक नट म्हणतात, तिच्यातील खाचा जुन्या तारांच्या मापाच्या असतात. जाड तार अरुंद खाचेत नीट बसत नाही, वर तरंगते आणि खुंटी पिळताना अडकून मग एकदम सुटते. खाच रुंद करावी लागते, पण तीही जपून : गोल कानशीने, तळ गोल ठेवून, खुंटीच्या बाजूला किंचित उतार देऊन, आणि खोली अजिबात न वाढवता. खोली एका कानशीभर जास्त झाली की मोकळी तार पहिल्याच पडद्यावर वाजू लागते. कानस मारलेली खाच परत भरून येत नाही. उद्या वादकाला जुनी जुळणी हवी झाली तर बारीक तारा या रुंद खाचांत डुगडुगतील. म्हणून शहाणपण यात आहे की मूळ पट्टी सांभाळून काढावी, डबीत ठेवावी, आणि हाडाची दुसरी पट्टी घेऊन तिच्यात नव्या खाचा पाडाव्या. हे काम ज्याचा हात बसलेला आहे अशा कारागिराकडूनच करवून घेतलेले बरे. सेलवासहून त्यासाठी मुंबईची एक खेप पडली तरी ती वाया जात नाही.

बाकीचे वादकाला घरी जमते. तारा चढवून एक दिवस वाद्य तसेच ठेवावे. नंतर जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जेथे धडास मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळी दाबून पाहावी. मध्ये पत्त्याच्या जाडीएवढी फट असावी. फट नसेल तर सळई सैल करावी, फार असेल तर आवळावी. पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नको, आणि पुन्हा एक दिवस वाट पाहावी. लाकडाला घाई चालत नाही. पावसाळ्यात तर सेलवासची हवा इतकी दमट की जुलैत बसवलेली मान दिवाळीनंतर पुन्हा तपासावीच लागते.

स्वरांची शुद्धता घोडीवर जुळवावयाची. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून उचलले असता जो घंटेसारखा स्वर निघतो तो, आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर, हे दोन्ही एक यावयास हवेत. दाबलेला स्वर चढा लागल्यास त्या तारेचा घोडीवरील आधार स्क्रूने मागे सरकवावा. जाड तारेचा आधार बहुधा बराच मागे न्यावा लागतो. तारांखालच्या चुंबकाचा पिकअपही जाड बाजूला थोडा खाली घ्यावा, कारण मोठ्या झोक्याची तार त्याच्या फार जवळ आली की आवाज फाटतो.

हा सौदा फुकटचा नाही. वरची तार गेल्याने वरचे पाच स्वर जातात. ज्याला उंच जागी गती घेऊन वाजवावयाची हौस आहे त्याने हा फेरफार करू नये. उलट बोटांची ठेवण मात्र नव्याने शिकावी लागत नाही, कारण तारांतील षड्ज-मध्यमाचे नाते तसेच राहते. हाताने फक्त एक तार पलीकडे सरकावयाचे. व्हायोलिनच्या बाबतीत गजाननबुवा जोशी आणि वि. गो. जोग यांच्यासारख्या हिंदुस्थानी वादकांनी परकी जुळणी षड्ज-पंचमाच्या घरात आणली. त्यापुढे हे काम लहानच.

ध्वनिवर्धकाचे काय, असे कोणी विचारील. लहान कर्ण्यातून ३१ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाही. तरी ऐकणाऱ्यास तो खाली गेलेला जाणवतो, कारण मूळ स्वर पोचला नाही तरी त्याचे वरचे सहस्वर पोचतात आणि कान त्यांवरून मूळ स्वर स्वतःच उभा करतो. मांडवातील मोठा कर्णा असल्यास तो छातीतही घुमतो. आणि ज्या काळी एकसाठी हा सारा खटाटोप, ती या नव्या तारेवर दुसऱ्याच पडद्यावर मिळते.