हंसा वाडकर : कमावती बाई आणि तिचा शब्द

(रेडिओवरील ‘बाईपण आणि कलापण’ या भाषणमालेतून)

आज आपण एका नटीची गोष्ट ऐकणार आहोत. नटीची म्हटलं की वाटतं, साड्या, दागिने, टाळ्या आणि शिट्ट्या. तेही तिच्या आयुष्यात होतं. पण ही गोष्ट आपण बचत गटातल्या बायांनी ऐकावी असं मला वाटतं, कारण तिचा खरा प्रश्न आपल्याच घरातला आहे. बाईनं कमवायचं, पण त्या पैशाचं काय करायचं हे ठरवायचं कोणी?

तिचं नाव हंसा वाडकर. आपल्या आयांनी, आज्यांनी हे नाव जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ऐकलेलं असेल. जन्म २४ जानेवारी १९२३ चा, मुंबईचा. पाळण्यातलं नाव रतन, आडनाव साळगावकर. घराणं मूळचं सावंतवाडीकडचं, गाण्या-नाचण्यातलं. त्या काळी अशा घरातल्या बायांच्या कलेला लोक दाद देत, पण त्यांना मान देत नसत. घरात पैशाची ओढाताण होती. आत्या सिनेमात काम करत होत्या. म्हणून शाळकरी वयातच या पोरीलाही सिनेमात घातलं. ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला बोलपट १९३६ चा. म्हणजे तेव्हा ती तेरा वर्षांची. साळगावकर हे नाव पडद्यावर नको, म्हणून रतनची ‘हंसा वाडकर’ झाली.

इथं जरा थांबू या. तेरा वर्षांची पोर घर चालवायला लागली. आज कुणी आपल्या लेकीला त्या वयात कामाला लावलं तर आपण गटात विषय काढू. त्या घरात मात्र तिच्या पगारावर चूल पेटत होती. आणि एकदा चूल पेटली की ती विझू नये, असं घरातल्या सगळ्यांनाच वाटतं.

त्या वेळी सिनेमा कंपन्यांत नट-नट्यांना महिन्याच्या पगारावर ठेवत. हंसाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिंदी चित्रपट केले. १९३९ साली त्यांचे ‘नवजीवन’ आणि ‘दुर्गा’ आले. मग त्या पुण्याच्या प्रभात कंपनीत गेल्या. तिथं १९४१ साली ‘संत सखू’ आला आणि त्यात सखू झाल्या हंसाबाई.

सखूची गोष्ट आपल्याला कुणी सांगायला नको. आपला जिल्हा नर्सीच्या नामदेवांचा. कऱ्हाडची ही सासुरवाशीण सासूचा जाच सोसते, पंढरीची ओढ लागते म्हणून दिंडीबरोबर निघून जाते, आणि तिच्या मागं विठोबाच सखूचं रूप घेऊन घरात दळण-कांडण करतो. पडद्यावर हंसाबाईंची सखू बघून बायांचे पदर ओले होत. पण खुद्द हंसाबाईंच्या घरी कोणी विठोबा यायचा नव्हता. दिवसभर स्टुडिओत राबायचं आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या संशयाला तोंड द्यायचं, असं त्यांचं चाललं होतं.

लग्न झालं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या आसपास होत्या. नवरा, जगन्नाथ बांदारकर, वयानं बराच मोठा आणि लहानपणापासून घरात येणारा-जाणारा. त्या वेळी कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा होतं. ते अठरा झालं १९७८ साली. लग्न झालं की आपण सिनेमा सोडू, चारचौघींसारखा संसार करू, अशी हंसाबाईंची फार इच्छा होती. पण काम सुटलं नाही, कारण तिचा पगार कुणाला सोडायचा नव्हता. करार नवरा करणार, पैसे नवरा घेणार, आणि ती कुणाशी बोलली तर जाब विचारणारही तोच. बाईनं बाहेर जाऊन कमवायलाही हवं आणि बाहेर जाते म्हणून तिनं ऐकूनही घ्यायचं. ही दुहेरी कात्री आपल्यातल्या कितीजणींना ओळखीची आहे, ते ज्याचं त्यानं मनात बघावं.

आता कलेकडे येऊ. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या होत्या. पण त्यांचं नाव गावोगाव पोचलं ते १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’नं. सोलापूरचे रामजोशी हे पेशवाईतले ब्राह्मण शाहीर. कीर्तन-पुराण सोडून तमाशाच्या फडात रमलेले. त्यांच्या जोडीची नाचणारी बया हंसाबाईंनी उभी केली. तेव्हा आपला भाग अजून निजामाच्या राज्यात होता. पुढं हा चित्रपट इतका गाजला की मराठीत तमाशापटांची रांगच लागली.

त्या रांगेतला सगळ्यात मोठा म्हणजे १९५९ चा, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. त्यातलं बुगडीचं गाणं आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. ते आशाबाई भोसल्यांनी गायलंय आणि पडद्यावर जयश्री गडकर आहेत. हंसाबाई त्यात थोरल्या पिढीची तमासगीर झाल्या. वयानं मोठी भूमिका घ्यायला नट्या कचरतात, त्यांनी ती ताकदीनं निभावली. सिनेमाबरोबर त्यांनी नाटकांतही कामं केली.

बाहेर असं नाव होत असताना घर मात्र मोडत गेलं. एकदा त्या संतापून घराबाहेर पडल्या आणि एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात आल्या. हो, आपल्याच मराठवाड्यात. त्या माणसाचा आधीच संसार होता. ज्या बाईला सारा महाराष्ट्र पडद्यावर बघत होता, तिला तिथं घराबाहेर पडायची मुभा नव्हती. जवळजवळ तीन वर्षं तिथं काढली, आणि सुटका व्हायला शेवटी नवऱ्यालाच निरोप धाडावा लागला. एका दारातून निघाली ती दुसऱ्या दाराआड अडकली. कारण तिच्या हातात स्वतःचा पैसा नव्हता आणि तिच्या नावावर घर नव्हतं. पुढं दारूही जडली. तीही त्यांनी लपवली नाही.

मैत्रिणींनो, हंसाबाईंचं सगळ्यात धाडसाचं काम त्यांनी पडद्यावर केलं नाही, ते त्यांनी बोलून केलं. त्यांनी आपलं आयुष्य सांगितलं आणि पत्रकार अरुण साधू यांनी ते शब्दांत उतरवलं. आधी ते ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, १९७० साली पुस्तक झालं. नाव चित्रपटाचंच ठेवलं : ‘सांगत्ये ऐका’. आपल्या बोलीत म्हणायचं तर, ‘मी सांगायले, ऐका’. त्यात त्यांनी स्वतःला सती-सावित्री म्हणून रंगवलं नाही आणि रडगाणंही गायलं नाही. लोक नावं ठेवतील अशाही गोष्टी सांगितल्या. तोवर नटीबद्दल बोलायचे ते दुसरेच. त्या पुस्तकात नटी स्वतः बोलली. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ ला, त्या गेल्या. वय अवघं ४८.

१९७७ साली श्याम बेनेगल यांनी या आत्मकथेवरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आपल्या कामाचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं स्पष्ट केलं की हिंदू बाईनं स्वतःच्या कष्टानं, कसबानं मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर पैशाची अडवणूकही हिंसा धरली आहे. म्हणजे बाईची कमाई काढून घेणं, खर्चाला पैसा न देणं हेही त्यात आलं. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते, आणि १८१ हा महिला मदतीचा फोन आहे. पण कायदा कागदावर असतो. पासबुक आपल्या नावाचं आणि ते ठेवलेलं नवऱ्याच्या ट्रंकेत, असं असेल तर हंसाबाईंच्यात आणि आपल्यात काय फरक राहिला?

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं या प्रश्नांना द्या :

१. आपल्या गटातल्या किती जणींचं पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःजवळ आहे?

२. गटाचं कर्ज बाईच्या नावावर निघतं. तो पैसा कशाला लावायचा हे घरात कोण ठरवतं?

३. मजुरीचा, दुधाचा, शिलाईचा पैसा आधी कुणाच्या हातात पडतो?

४. कलेत, नाचगाण्यात असलेल्या बाईबद्दल आपण बायाच काय बोलतो?

आणि एखादी मैत्रीण या प्रश्नांवर गप्प राहिली तर तिला रेटू नका. हंसाबाईंना बोलायला पंचेचाळिशी गाठावी लागली. तिला वेळ द्या, पण ती बोलायला लागेल तेव्हा मधे तोंड घालू नका. ती सांगेल, तुम्ही ऐका.