मालिका जगभर गाजली, कलाकाराच्या हाती २७ डॉलर

'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'मध्ये ब्रूक सोसो साकारणाऱ्या किमिको ग्लेनने परदेशी प्रक्षेपणाच्या मानधनाचा हिशेब व्हिडिओत दाखवला. रक्कम होती २७.३० डॉलर!

अमेरिकी टीव्हीवर मालिका पुन्हा दाखवली की कलाकारांना 'रेसिड्युअल' मिळतं. स्ट्रीमिंगवर मात्र प्रेक्षक कितीही वाढले, तरी ही रक्कम त्या प्रमाणात वाढत नसे.

कामाचीही शाश्वती नाही. नेटफ्लिक्सने २०१९मध्ये 'ग्लो'चा चौथा सीझन जाहीर केला, चित्रीकरणही सुरू झालं. ऑक्टोबर २०२०मध्ये कोविडमुळे मालिकाच गुंडाळली.

२०२३मध्ये 'सॅग-आफ्ट्रा' ही कलाकारांची संघटना तब्बल ११८ दिवस संपावर गेली. त्यातून स्ट्रीमिंग बोनस पदरात पडला, पण अटीसह: पहिल्या ९० दिवसांतली प्रेक्षकसंख्या देशातल्या वर्गणीदारांच्या किमान २० टक्के हवी.