ओढ्यातल्या दगडावरची बुळबुळ

एखाद्या रोग्याच्या रक्तात जंतू सापडतात. प्रयोगशाळेत ते वाढवून त्यांच्यावर निरनिराळी प्रतिजैविक औषधे वापरून पाहतात. एका औषधाने ते भराभर मरतात. तेच औषध रोग्याला दिले जाते, ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते. औषध थांबवून थोडे दिवस जातात न जातात तोच ताप पुन्हा हजर! रक्त पुन्हा तपासावे तर जंतू तेच, आणि प्रयोगशाळेत ते त्याच औषधाने पूर्वीइतकेच चटकन मरतात. मग शरीरातच ते कसे तग धरतात?

हृदयाचा ठेका सांभाळणारा पेसमेकर, लघवीसाठी घातलेली नळी, कृत्रिम गुडघा अशी एखादी परकी वस्तू ज्यांच्या शरीरात असते, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना हा अनुभव वारंवार येई. गंमत अशी, की या कोड्याचा पहिला धागा रुग्णालयात मिळाला नाही. तो मिळाला कॅनडातील डोंगरी ओढ्यांत. तो धागा धरून पुढे गेलेल्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन विल्यम कॉस्टरटन. ओळखीचे सारे त्यांना बिल म्हणत.

कॉस्टरटन यांचा जन्म १९३४ सालचा, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. १९६० साली त्यांनी वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात पीएच.डी. मिळवली. तेथे मरे या नामांकित प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी अभ्यासलेला जंतू पोहणारा नव्हता. तो पृष्ठभागाला लागून सरपटत जाणारा होता. पुढच्या साऱ्या आयुष्याची ती नांदीच म्हणायची! त्यानंतर काही वर्षे ते आपल्या देशात होते. पंजाबातील बटाला येथील बेअरिंग कॉलेजात त्यांनी जीवशास्त्र शिकवले. मग मॉन्ट्रिअलचे मॅकगिल विद्यापीठ आणि १९७० पासून कॅलगरी विद्यापीठ. कॅलगरी हे शहर रॉकी पर्वताच्या पायथ्याजवळ आहे, हे लक्षात ठेवा.

आता थोडे मागे जाऊ. १८८०च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉक यांनी एकाच जातीचे जंतू वेगळे काढून वाढवण्याची रीत बसवली. क्षयाचे जंतू, पटकीचे जंतू असे एकेक गुन्हेगार तिच्यामुळे हाती लागले. पुढे शंभर वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू वाढवायचे ते असेच: चंबूत पोषक द्राव घ्यायचा, त्यात जंतू सोडायचे, चंबू हलवत ठेवायचा. जंतू द्रावात सुटे सुटे तरंगतात. दुसऱ्या दिवशी त्यातले चार थेंब नव्या चंबूत टाकायचे. जे जंतू काचेला चिकटून बसले ते मागेच राहतात आणि चंबूबरोबर धुतले जातात. तरंगणारे तेवढे पुढे जातात. म्हणजे शास्त्रज्ञांनी नकळत तरंगणाऱ्यांचीच निवड चालवली होती!

आम्ही पदार्थविज्ञान शिकवणारे लोकही उतरणीवरून गोळा सोडताना घर्षण नाही असे धरून चालतो. त्याने गणित सोपे होते. पण खऱ्या रस्त्यावर गाडीला ब्रेक लावायचा असेल तर घर्षण विसरून कसे चालेल?

कॉस्टरटन आणि त्यांचे सहकारी गिल गीसी यांनी १९७०च्या दशकात डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी तपासले. पाणी बर्फगार, नितळ, अन्नद्रव्ये अगदी थोडी. पाण्यात तरंगणारे जंतूही थोडेच भरले. मग त्यांनी तळाच्या दगडांकडे मोर्चा वळवला. ओढ्यातल्या दगडावर पाय घसरण्याचा अनुभव तुम्हांलाही असेल. हिरवे असते ते शेवाळ. पण दगड हिरवा दिसत नसतानाही कधी कधी बुळबुळीत लागतो. ती बुळबुळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच जंतूंचे मोहोळ दिसले. पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक जंतू दगडाला चिकटून राहत होते, आणि शर्करांच्या लांबलचक रेणूंचा चिकट थर त्यांनी स्वतःच आपल्याभोवती तयार केला होता.

विचार केला तर यात नवल नाही. प्रवाहात वाहत जाणाऱ्या जंतूभोवतालचे पाणीही त्याच्याबरोबरच वाहते. जवळचे अन्न संपले की संपले. दगडाला धरून बसलेल्याच्या दारावरून मात्र नवे पाणी सतत जात असते. शिधा घरपोच! चेंग नावाच्या सहकाऱ्याबरोबर कॉस्टरटन यांनी गाईच्या पोटातही हेच पाहिले. गवताच्या तंतूंना चिकटून बसलेले जंतूच ते तंतू पचवत होते. १९७८ मध्ये या तिघांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लेख लिहून सांगितले, की निसर्गात चिकटून, थर करून राहणे हीच जंतूंची नेहमीची रीत आहे. अशा सजीव थराला बायोफिल्म हे नाव पुढे रूढ झाले.

मग हा थर इतकी वर्षे कोणाला दिसला कसा नाही? खरे तर सतराव्या शतकात लेवेनहूकने आपल्या दातांवरचे किटण भिंगाखाली पाहिले होते. तीव्र सिरक्याने चूळ भरली तरी किटणाच्या बाहेरचेच जंतू मरतात, आतले मजेत राहतात, असेही त्याने नोंदवले होते. ही नोंद तशीच पडून राहिली. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची अडचण वेगळीच होती. इलेक्ट्रॉनांना अडथळा होऊ नये म्हणून त्यात निर्वात पोकळी लागते, आणि पोकळीत ठेवायची वस्तू आधी वाळवावी लागते. बुळबुळीत थरात बहुतेक पाणीच. तो वाळला की आक्रसून चार धागे उरतात. पाहणाऱ्याला वाटे, हा काहीतरी कचरा आहे! कॉस्टरटन यांच्या गटाने रुथेनियम रेड या रंगद्रव्याने तो थर उठावदार केला, तेव्हा तो कचरा नसून जंतूंची तटबंदी आहे हे दिसू लागले.

आता रुग्णालयात जाऊ. १९८० मध्ये कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाने पछाडलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनास जंतूंचे असेच चिकट पुंजके दाखवले. १९८२ मध्ये एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली. आरंभी सांगितले तसेच त्याचे झाले होते. प्रतिजैविके देऊनही स्टॅफिलोकॉकस जंतूंचा संसर्ग हटत नव्हता. शेवटी पेसमेकरची हृदयात गेलेली तार काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्यावर जंतूंचा जाड थर! रक्तात सापडत होते ते या वसाहतीतून सुटून निघालेले जंतू. औषध त्यांना मारत होते. वसाहत जागच्या जागी होती.

पण औषध थरातल्या जंतूंना मारत नाही, हे मोजून दाखवायला हवे होते. १९८५ मध्ये ते झाले. लघवीच्या नळीच्या तुकड्यांवर स्यूडोमोनास जंतूंचा थर वाढवला. तरंगणारे जंतू मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम टोब्रामायसिनने पुरते मेले. थरावरून त्याच औषधाचे १००० मायक्रोग्रॅमचे द्रावण बारा तास वाहू दिले, तरी आत जिवंत जंतू उरलेच. वीसपट औषध, आणि तरीही! एवढे औषध रोग्याच्या रक्तात ठेवायचे म्हटले तर जंतूंआधी रोग्याचीच मूत्रपिंडे निकामी व्हायची.

थर म्हणजे नुसती ढाल, असे प्रथम वाटले होते. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे निघाले. काही औषधे थरात शिरताना अडतात हे खरे. पण काही आरामात आत पोचतात आणि तरी उपयोग होत नाही. आतल्या जंतूंना अन्न आणि ऑक्सिजन अपुरा मिळतो, म्हणून त्यांची वाढ जवळजवळ थांबलेली असते. पेनिसिलिन जंतूची भित्ती बांधली जात असताना घाव घालते. बांधकामच बंद असेल तर घाव घालायचा कुठे? शिवाय काही जंतू जणू झोपी गेलेले असतात. औषध ओसरले की ते उठतात आणि वसाहत पुन्हा वसवतात.

१९९१ मध्ये कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकातून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. याची युक्ती मला फार आवडते. लेसरचा किरण एका बिंदूवर आणायचा आणि परतणारा प्रकाश बारीक छिद्रातून घ्यायचा. त्या बिंदूच्या वरचा आणि खालचा धूसर प्रकाश छिद्राबाहेरच अडतो. काकडीच्या चकत्या कराव्या तशी ओल्या, जिवंत थराची एकेक पातळी सुरी न लावता दिसते. वाळवायचे कारणच नाही! थरात पाण्याचे मार्ग आणि मोकळ्या जागा आढळल्या. अन्न आत पोचते ते अशा वाटांनी.

१९९३ मध्ये कॉस्टरटन अमेरिकेतील मॉन्टॅना स्टेट विद्यापीठाच्या बायोफिल्म केंद्राचे संचालक झाले. हे केंद्र मुळात कॅराक्लिस नावाच्या अभियंत्याने उभारलेले. पाण्याच्या नळांत बुळबुळ साचली की प्रवाहाला अडथळा होतो, ही अभियंत्यांची जुनी डोकेदुखी. येथे जंतुशास्त्रज्ञ आणि अभियंते एका छपराखाली आले. १९९८ मध्ये डेव्हिड डेव्हिस, पीटर ग्रीनबर्ग आणि इतरांसह कॉस्टरटन यांनी दाखवले, की वसाहत बांधताना स्यूडोमोनास जंतू रासायनिक संदेशांचा उपयोग करतात. एका संदेशाचा रेणू तयार न करू शकणारे जंतू घेतले, तर त्यांचा थर सपाट आणि दुबळा झाला व साबणासारख्या द्रव्याने उखडला गेला. तोच रेणू बाहेरून घातल्यावर बांधणी सुधारली! पुढे लेवेनहूकच्या किटणाशी नाते सांगणाऱ्या दंतवैद्यक महाविद्यालयात, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात, त्यांनी काम केले. २०१२ साली ते वारले.

चिवट संसर्गावर हुकमी औषध अजून नाही. बिघडलेला कृत्रिम सांधा पुष्कळदा काढावाच लागतो. पण तपासणीची रीत बदलली. २००७ मध्ये ट्रॅम्पूझ आणि सहकाऱ्यांनी काढलेले ३३१ सांधे पाण्यासारख्या द्रावात ठेवून त्यांवर पाच मिनिटे श्राव्यातीत ध्वनी सोडला. त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४० हजार. आपल्या कानाची मर्यादा २० हजार. कंपनांनी थर सुटतो आणि जंतू द्रावात उतरतात. नेहमीच्या पद्धतीने, सांध्याजवळच्या मांसाचे तुकडे तपासून, १०० पैकी ६१ संसर्ग सापडत होते; या द्रावातून ७९ सापडले. शस्त्रक्रियेआधी चौदा दिवसांत प्रतिजैविके घेतलेल्यांत तर फरक ४५ आणि ७५ असा होता.