खेळण्यातील जुन्या वाघिणी : ओळख आणि दुरुस्ती

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द रुळांवरून आपल्याकडे आला आणि आपल्या जिभेवर चढताच त्याला पट्टे नि शेपटी फुटली. आज ज्या वाघिणींविषयी आम्हांस सांगावयाचे आहे त्या मात्र तळहातावर मावतात. इंग्लंडमधील कारखान्यांत तयार झालेल्या, पेटीतून काढून थेट रुळावर ठेवावयाच्या, अशा या खेळण्यातील वाघिणी. त्यांतल्या काही आपल्याकडील घरांतही पोहोचल्या. माळ्यावरची पेटी उघडली, वडिलांचा वा आजोबांचा खजिना हाती लागला, की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण तो लहान मुलांपुढे टाकून मोकळा होतो. दुसरा त्याच संध्याकाळी पाते आणि रंगाची डबी घेऊन 'सुधारणा' करावयास बसतो. नुकसान बहुधा दुसराच अधिक करतो. आम्ही त्याच वर्गातले, म्हणून हे बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे. आमचे सांगणे एवढेच, की कानस हाती घेण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी.

वाघीण ओळखणे म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधणे होय. हे खेळणे कोणी व केव्हा केले, हा पहिला प्रश्न. ते कोणत्या खऱ्या वाघिणीचे रूप घेऊ पाहते, हा दुसरा.

पहिल्यासाठी डबा उलटा करावा. पोटावर बहुधा कर्त्याचे नाव असते. पेटीवरचे नाव मात्र पुष्कळदा फसवते. याचे उत्तम उदाहरण हॉर्नबी या नावाचेच आहे. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' नावाची लहान आगगाडी बाजारात आणली. तिच्या वाघिणी छापील पत्र्याच्या आणि खालचा सांगाडा ओतीव धातूचा. १९५८च्या सुमारास त्याच कारखान्यातून बारीक तपशील दाखवणारे प्लॅस्टिकचे डबे निघू लागले, आणि ते आजही पाहण्यासारखे आहेत. परंतु १९६४ साली ट्राय-अँगच्या मालकांनी, म्हणजे लाइन्स ब्रदर्स यांनी, मेकॅनो कंपनी ताब्यात घेतली. ट्राय-अँगच्या गाड्या मार्गेट येथे होत. १९६५ पासून त्याच गाड्यांवर 'ट्राय-अँग हॉर्नबी' असे जोडनाव आले, १९७१ साली लाइन्स ब्रदर्सचे दिवाळे निघाले आणि १९७२ पासून नुसते 'हॉर्नबी' उरले. डब्लोच्या वाघिणींचे मूळ साचे मात्र रेन नावाच्या दुसऱ्याच कंपनीकडे गेले. म्हणजे दत्तकविधानात व्हावे तसे झाले : नाव एका घरी गेले, रक्त दुसऱ्या घरी. १९७५ सालच्या 'हॉर्नबी' वाघिणीचे कूळ मार्गेटचे, आणि 'रेन' असे लिहिलेली वाघीण लिव्हरपूलची नात. पुढेही असेच घडत गेले. एअरफिक्सचे साचे पॅलिटॉयच्या 'मेनलाइन' मालिकेत, तेथून डापोलकडे आणि १९९६ साली पुष्कळसे हॉर्नबीकडे गेले. खुद्द मेनलाइनचे साचे हाँगकाँगच्या काडेर कंपनीचे असल्याने त्यांतून बाखमनच्या वाघिणी निघाल्या. एकच साचा चार नावांनी भेटतो, हे ध्यानी असले म्हणजे पुरे.

दुसरा प्रश्न अधिक रसाळ आहे, आणि त्याला मोजपट्टी लागते. इंग्लंडातील या खेळण्यांचे प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर. या प्रमाणाने इंग्लंडच्या चार फूट साडेआठ इंची रुळांमधील अंतर १८.८३ मिलिमीटर व्हावयास हवे. प्रत्यक्षात ते १६.५ आहे. कारण १६.५ हे अंतर फुटाला साडेतीन मिलिमीटर या युरोपीय प्रमाणाचे. इंग्लंडमधील इंजिने मुळातच अरुंद. त्या प्रमाणात त्यांच्या पोटात विजेची मोटार मावेना, म्हणून डब्यांचे अंग वाढवले आणि रूळ तेच ठेवले. (या वाघिणीवर जी.आय.पी.ची अक्षरे रंगवून ती भारतीय करण्याचा मोह आपल्याकडे होतो. आपल्या साडेपाच फुटी रुळांना या प्रमाणात २२ मिलिमीटर अंतर लागेल! आपल्या रेल्वेची हौस असणाऱ्याने पुण्यास कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावे. ते १९९८ पासून लोकांस खुले आहे.)

आता चार मिलिमीटरचा हिशोब लावू. १९२३च्या ठरावाप्रमाणे बांधलेली लाकडी कोळशाची वाघीण साडेसोळा फूट लांब आणि तिच्या दोन आसांमध्ये नऊ फूट अंतर. पट्टीवर ते ६६ आणि ३६ मिलिमीटर आले पाहिजे. ब्रिटिश रेल्वेची सोळा टनी पोलादी वाघीणही याच मापाची, आणि तशा दोन लाखांहून अधिक बांधल्या गेल्या. उलट बंद डब्यांचा सांगाडा पुष्कळदा साडेसतरा फुटी आणि आसांतील अंतर दहा फूट, म्हणजे ७० व ४० मिलिमीटर. खेळणी करणाऱ्यांस दर डब्याला वेगळा सांगाडा परवडत नसे. एकाच सांगाड्यावर ते उघडा डबा, बंद डबा, टाकी, सर्व काही चढवीत. म्हणून सात फळ्यांची कोळशाची वाघीण ७० मिलिमीटर लांब निघाली, तर ती लाकडी कोळसावाघीण नसून बंद डब्याच्या सांगाड्यावर बसवलेली तोतया आहे असे समजावे. हा दोष रंगाने जात नाही. तो दूर करावयाचा तर नवा सांगाडा घ्यावा लागतो आणि वरचा डबा कापून आखूड करावा लागतो. हे श्रम करावेत की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मते साध्या वाघिणीसाठी ते करू नयेत, तोतया म्हणूनच तिला चालू द्यावे.

मापे जुळली तर अक्षरे वाचावीत. १ जानेवारी १९४८ रोजी इंग्लंडच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर बांधलेल्या वाघिणीच्या आकड्यापूर्वी 'बी' आले. जुन्या कंपन्यांकडून आलेल्यांस एम, ई, डब्ल्यू किंवा एस. आणि खाजगी मालकांकडून आलेल्यांस 'पी'. हवेच्या पोकळीवर चालणारे ब्रेक नसतील तर डबा करडा आणि असतील तर तांबूस, असा सर्वसाधारण नियम. मग करड्या डब्याच्या पोटाखाली त्या ब्रेकचे नळकांडे लोंबत असेल, तर रंग किंवा नळकांडे यांपैकी एक खोटे बोलत आहे.

आणि खाजगी मालकांच्या वाघिणी! खाणवाले आणि कोळशाचे व्यापारी आपल्या वाघिणींवर लाल, निळ्या, काळ्या रंगांत मोठ्या अक्षरांनी नावे घालीत. खेळण्यांच्या दुकानात त्याच सर्वांत अधिक खपत, हे साहजिक होय. परंतु १९३९च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच टाक्यांसारखे खास डबे वगळून या वाघिणी सरकारने एकत्र केल्या, १९४८ साली त्या रेल्वेच्या झाल्या, आणि नावे कोणी पुन्हा रंगवली नाहीत. तेव्हा १९५५ सालच्या इंजिनामागे नव्या नवरीसारखी झळकणारी कोळशाची वाघीण लावणे म्हणजे इतिहासाला काट मारणे आहे. तेथे फिकट झालेली अक्षरे, मधूनच नव्या लाकडाची बदललेली एखादी फळी आणि कोपऱ्यात 'पी'चा आकडा शोभतो.

येथे आमचा अपराध सांगून टाकतो. पहिल्या उत्साहात आम्ही एका डब्लोच्या पत्र्याच्या वाघिणीचा छापील रंग काचकागदाने घासून काढला, आणि तिची जुनी आकडी कापून नवी बसवली. आकडी पातळ पोलादी पट्टीची होती. पुढे वाचनात आले, की तशा आकड्या युद्धापूर्वीच्या डब्लोवर असत. युद्धानंतर त्या बदलल्या. तो डबा पहिल्या एक-दोन वर्षांतला होता, हे सांगणारा एकमेव पुरावा आम्ही पक्कडीने तोडून केरात टाकला होता. पत्र्यावरची छपाई तर कोणत्याही कुंचल्याने परत येत नाही. तेव्हापासून पत्र्याच्या डब्यास आम्ही कोरड्या मऊ फडक्यापलीकडे काही लावीत नाही. त्यांचा ओतीव सांगाडा तेवढा तपासावा. जस्ताच्या मिश्रणात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर तो आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी तो चुरा होतो. यावर औषध नाही. मात्र हा रोग एका डब्याचा दुसऱ्याला लागत नाही.

सुधारणा करावयाची ती सामान्य प्लॅस्टिकच्या डब्यांवर. सुरुवात चाकांपासून करावी, कारण खर्चाच्या मानाने सर्वांत अधिक फळ तेथेच मिळते. जुन्या चाकांची कड फार खोल असते, आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतरही कमी असते. आजच्या रुळांस ते सुमारे साडेचौदा मिलिमीटर लागते. कमी पडले की सांध्यावर चाक आतल्या रक्षक रुळावर चढते, आणि आपण दोष रुळांना देतो. खरे चाक तीन फूट एक इंच व्यासाचे, म्हणजे येथे सव्वाबारा मिलिमीटरहून किंचित मोठे. दोन्ही टोकांस अणकुची असलेला, २६ मिलिमीटर लांबीचा आस घ्यावा. प्लॅस्टिकची भोके झिजली असतील तर ती दोन मिलिमीटरच्या गिरमिटाने, हातानेच, सावकाश मोठी करून त्यांत पितळी टोप्या बसवाव्यात. मग डबा काचेवर ठेवून पाहावा. चारही चाके टेकली नाहीत तर आसपेट्या तिरक्या आहेत. तो तिरकेपणा आताच काढावा, मागाहून निघत नाही. बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे चौदा मिलिमीटरवर यावा.

त्यानंतर ब्रेक. जुन्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे चाकांसमोर नसून त्यांच्या बाहेर, बाजूच्या तुळईला चिकटून असतात, जणू ते हवेलाच थांबवणार आहेत. पातळ पात्याने ते सोडवून आत, चाकांच्या रेषेत, चिकटवले की डब्याचे रूपच पालटते. हातब्रेकचा दांडा दोन्ही बाजूंस असतो, आणि ज्या बाजूने पाहाल त्या बाजूस उजव्या टोकाकडे. साचेवाल्यांनी हे पुष्कळदा पाळलेले नाही.

वजन चारचाकी डब्यास सुमारे ५० ग्रॅम असावे. शिशाचे बारीक छर्रे पांढऱ्या डिंकाने बंद जागेत कधीही चिकटवू नयेत. काही वर्षांनी शिसे गंजते, फुगते आणि डबा आतून फोडते. लोखंडी चकत्या बऱ्या.

उघड्या डब्याच्या आतल्या बाजूकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि वरून पाहणाऱ्यास तीच आधी दिसते. पुष्कळ जुन्या डब्यांत फळ्यांच्या रेघा फक्त बाहेर असतात. आत सुईने पट्टीच्या आधारे त्या ओढाव्यात. लाकडी वाघिणीच्या आत रंग नसे. जुन्या लाकडाचा राखाडीपणा आणि कोळशाची काजळी एवढेच द्यावे. पोलादी वाघिणीच्या आत गंज हवा. आणि भरलेली दाखवावयाची असेल तर खऱ्या कोळशाचा कुटून चाळलेला चुरा वापरावा. त्याची बरोबरी काळा रंग करू शकत नाही.

काढलेली चाके, आकड्या आणि ठोकळे एका लहान पाकिटात घालून त्याच पेटीत ठेवावेत, आणि डब्याच्या पोटावर काय काय बदलले ते तारखेसह बारीक अक्षरांत लिहावे. आमच्या त्या पत्र्याच्या वाघिणीखाली आता तसा एक कागद आहे. त्यावर फक्त 'आकडी आम्ही कापली' एवढेच लिहिले आहे.