यंत्र आणि गळा

‘यंत्रावरचे संगीत निर्जीव,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. डोना समरचेच पहा ना! बोस्टनच्या चर्चमध्ये गाणारी ही कृष्णवर्णीय मुलगी १९६८ साली ‘हेअर’ या संगीतिकेसाठी म्युनिकला गेली. पुढे तिथेच तिला संगीतकार जॉर्जिओ मोरोडर भेटला. १९७७ च्या ‘आय फील लव्ह’मध्ये त्याने जवळजवळ सारी साथ मूग सिंथेसायझरवर उभी केली. गंमत अशी, की यंत्राचा सूर सारखा सरके, म्हणून ध्वनिमुद्रण तुकड्यातुकड्यांनी झाले. आणि मोठ्या ढोलाचा मनाजोगता ठोका यंत्रातून निघेना, तो कीथ फोर्सीने स्वतः वाजवला! त्या घड्याळी लयीवर डोनाचा आवाज हलकेच तरंगत राहतो. २०१२ साली ती गेली. आपल्या संगीत मंडळाने हे गाणे एकदा लावावे. मग खुशाल वाद घालू.