कार्ड ठेवावे की बंद करावे?

आम्हा कापडवाल्यांना ईदच्या हंगामात माल भरताना क्रेडिट कार्डावर महिना-दीड महिन्याची सवड मिळते. पण पूर्ण बिल मुदतीत भरले तरच ती बिनव्याजी. नाहीतर व्याज नफा खाते.

आता आमच्या कार्डाची वार्षिक फी 1,000 वरून 3,000 झाली. 18 टक्के जीएसटी धरून 3,540 रुपये! तेवढा फायदा होत नसेल, तर कार्ड बंद केलेलेच बरे.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे फीवाढीची सूचना किमान महिनाभर आधी द्यावी लागते. थकबाकी नसल्यास अर्जानंतर कामकाजाच्या 7 दिवसांत कार्ड बंद व्हावे. उशीर झाल्यास ग्राहकाला रोज 500 रुपये मिळतात. म्हणून व्यापारी बांधवांनी आधी बाकी फेडावी, लेखी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी.