थंडीतली परसबाग : पेरायची कधी?



दरवर्षी फेब्रुवारीत कोणीतरी पालक मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. "मॅडम, वसंतात पालक, वाटाणा, मुळा पेरा म्हणतायत. पेरू का?" व्हिडिओ खोटा नसतो, पण तो थंड देशातला असतो. तिथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, जमीन मोकळी होते आणि हवेत गारवा टिकून असतो. आपल्याकडे तेव्हा चैत्राचं ऊन! फेब्रुवारीअखेर पेरलेली कोथिंबीर नाशिकच्या उन्हात धड पानं धरायच्या आतच फुलावर येते. त्यांचा मार्चातला गारवा आपल्याला कार्तिकात मिळतो. म्हणून शाळेच्या परसबागेचा खरा मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीनंतरचा.

'नंतरचा' हे मी चुकून शिकले. पहिल्या वर्षी सुट्टीच्या आठवडाभर आधी मेथी पेरली. चौथ्या दिवशी उगवली, मुलं नाचली. मग शाळेला कुलूप, पाणी घालायला कोणी नाही, वर ऑक्टोबरचा उकाडा. परत आलो तेव्हा वाफा कोरडा ठक्क. तिसरीतली मुलं काहीच बोलली नाहीत, तेच जास्त लागलं. आता शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात पेरतो.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा जरा उंच करा आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. मेथी, मुळा तीन-पाच दिवसांत वर येतात. धणे मात्र परीक्षा बघतात. अख्खा धणा पेरू नका. त्यात दोन बिया असतात, हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा. तरी आठ-दहा दिवस लागतात, थंडी वाढली तर आणखी. "मॅडम, आमचे धणे मेले का?" हा प्रश्न सहाव्या दिवशी येणारच! उकरून बघू देऊ नका. त्याऐवजी फळ्यावर दोन रकाने करा, मेथी आणि धणे, आणि रोज उंची मोजून लिहायला लावा. परिसर अभ्यास आणि गणित दोन्ही होतं. (दुकानातल्या रंगीत बियांना बहुतेक वेळा औषध लावलेलं असतं, लहान मुलांच्या हातात ती नकोच. घरातले न भाजलेले धणे-मेथ्या चालतात.)

मेथी महिनाभरात तयार होते. पालक मुळापासून उपटू नका, वरून कापला की पुन्हा फुटतो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, ते मुलांनी पाहिलेलं असतं. "मग आपली भाजी मरत कशी नाही?" असं विचारतील. पालक, मेथी, कोथिंबीर अशी थंडी सोसतात, फक्त वाढ मंदावते. वाटाण्याचं रोपही तगतं, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा कडाक्यात खराब होतात. तेव्हा पाणी संध्याकाळी नको, सकाळी ऊन आल्यावर द्या.

फेब्रुवारीत कोथिंबिरीची एक ओळ न कापता ठेवा. पांढरी फुलं येतील, मधमाश्या येतील, मग हिरवे धणे. वाळले की मुलांनी कागदी पाकिटात भरायचे, वर वर्ग आणि तारीख लिहायची. आमची पाकिटं कपाटात आहेत, कार्तिकाची वाट बघत.